सात कापडं

शोभा, अशी जवळ ये जरा. दारात उभी राहून घड्याळ पाहू नको, तुझी कोणती लस आता गरम होऊन नाई राह्यली. बस इथी खाटेवर. तुले रागवायचं आहे मले, आणि रागावताना माणूस समोर बसलेलं असलं म्हणजे बरं वाटते.

परवा चिमूरले, तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाले आली होती मी. वंदना झाली, मग एकेक माणूस उठून बोललं. जन्म कुठी, शिक्षण किती, नोकरी कुठी कुठी, सत्कार कोणी केला. सगळं बरोबर होतं आणि त्यात तू कुठीच नव्हती. मग तुझ्या भावानं माझं नाव घेतलं. "मावशीनं दोन शब्द बोलावे, त्या ताईसंगं सोळा वर्ष होत्या." मी उठली, माईक हातात घेतला, तुझ्या फोटोकडे पाह्यलं आणि माईक खाली ठेवून दिला. लोकायले वाटलं, बाईले हुंदका आला. हुंदका नव्हता तो. मले बोलायची होती ती एकच गोष्ट, आणि ती इतक्या लोकायसमोर तोंडातून निघत नव्हती.

यमुनाच्या बाळंतपणात मी तुझ्याजवळ खोटं बोलली होती. इतकी वर्ष झाली, खरं सांगितलं नाई. ते आज सांगते. आणि मरणाच्या आदल्या दिवशी तू माझ्याजवळ खोटं बोलली, त्याचा हिशोब मले तुझ्याकडून पाहिजे. दोन्ही एकाच वहीत लिहून राह्यली.

ही वहीसुद्धा तुझीच कृपा म्हण. मी शाळेत गेली ती शेण गोळा करायले. आमच्या घरी माय दाई, आजी दाई, म्हणून मीही दाई. मग धानोऱ्याकडच्या या जंगलातल्या गावात उपकेंद्र आलं, तू सिस्टर म्हणून आली आणि मले मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी तू रजिस्टर समोर टाकलं. मी म्हटलं, मले वाचता येत नाई. तू म्हटलं, "मले तरी कुठी बाळंतपण येते तुझ्यासारखं? तू मले शिकव, मी तुले." चांगली चलाख होती तू. तुले सगळं येत होतं, हे मले दोन महिन्यानं समजलं, तोवर माझी बाराखडी झाली होती.

तुझी शिकवण्याची तऱ्हा मात्र डोकं उठवणारी. पोरगं खोकलते म्हणून कोणी घेऊन आलं की तू पहिले त्याचा सदरा वर करायची आणि म्हणायची, "मावशी, श्वास मोज. एक मिनिट पुरा." मी म्हणायची, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करते, तितकाच येते. तू ऐकायची नाई. "लहान लेकरू हाये, एकसारखं श्वास घेत नाई. अर्ध्या मिनिटात फसवते. आणि रडून राह्यलं तर मोजूच नको, पहिले माईच्या पदराखाली दे." छातीखालची बरगडी आत ओढली जाते काय, ते पाह्यल्याशिवाय तू त्या पोराले घरी जाऊ दिलं नाई कधी.

आणि तो म्हातारा आठवते काय, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चार जणायनं उचलून आणलेला? बडबडत होता, सुनेले माय म्हणत होता. घरचे हसून राह्यले होते. "काही नाई सिस्टर, मोहाची जास्त झाली, पडू द्या." मीही हसली. तू त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. मग मानेखाली हात घातला. हात ओला निघाला. "याच्या तोंडाले वासच नाई," तू म्हणाली. "साखरेच्या बिमारीची गोळी खाते काय हा?" सून म्हणाली, खाते. "आज जेवला?" तिनं नाई म्हणून मान हलवली. तू बोट टोचून तपासलं, आणि गिळते काय ते पाहून साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळानं म्हातारा उठून बसला, सगळ्यायकडे पाहून म्हणे, "माझ्या घरी इतके लोक काऊन जमले?" सगळे पोट धरून हसले. तू हसली नाई. बाहेर आल्यावर मले म्हणाली, "घरी निजवला असता तर सकाळी उठला नसता. त्यायनं सांगितलं आणि तू मानलं, मावशी. सांगितलेलं ऐकत जा, पण हात लावल्याशिवाय मानत नको जाऊ."

हे वाक्य तू मले किती वेळा ऐकवलं. आणि मी ऐन वेळेवर दोनदा विसरली. एकदा यमुनाजवळ, एकदा तुझ्याजवळ.

यमुनाचं सांगते आता. हलका धान कापणीले आला होता, गावातले सगळे शेतात. तिचे दिवस भरत आले होते, पण तारीख पुढची होती. तू त्या दिवशी नाल्यापलीकडच्या टोलीवर लसीकरणाले गेली होती. सकाळी आठ वाजता तिची सासू मले बोलवायले आली आणि मी पोहोचली तेव्हा डोकं दिसत होतं. गाडीले फोन केला, पण गाडी दुसरीकडे गेलेली. तिसरं बाळंतपण, मोकळी बाई, दोन कळांत पोरगी झाली. रडली चांगली. वार पडली, मी उलटून पालटून पाह्यली, पुरी होती. सासू म्हणाली, "तुझा हात हलका हाये, बाई." माझी छाती भरून आली.

पण रक्त थांबत नव्हतं. धार नव्हती शोभा, धार असती तर मी ओरडली असती. पाझर होता. एक कापड बदललं, दुसरं बदललं. मी मनाले म्हणत होती, होते असं, थांबते. तिसरं, चौथं. यमुना बोलत होती, पोरीचं नाक कोणावर गेलं म्हणून विचारत होती. पाचवं. सहावं. सातवं घेतलं आणि तुझ्या स्कुटीचा आवाज आला.

आमच्याकडे काय आहे, तुले माहीत आहे. बाळंतिणीचं कापड बाहेरून आलेल्या माणसाच्या नजरेस पडू देत नाई, घरामागं खड्डा करून पुरतात. माझ्या आजीनं हे केलं, मायनं केलं. आणि रक्त जास्त गेलं म्हणजे दाईचा हात जड, असं गाव बोलते. तुझ्याजवळ इतकी वर्ष काढून, तू दहा वेळा सांगूनही माझ्या पायायनं तेच केलं. पाच कापडं मी गोठ्यामागच्या खड्ड्यात टाकली, पायानं माती ओढली. दोन ठेवली.

तू आत आली. पहिले पोरगी पाह्यली, मग विचारलं, "किती कापडं भिजली?"

मी म्हटलं, "दोन."

त्या दोन अक्षरांत मी यमुनाले मारून टाकलं होतं. तुझ्या जागी मी असती तर ती मेली असती. हेच मले तुले सांगायचं होतं.

तू पट्टा बांधून बीपी घेतलं. "एकशे दहा, सत्तर." सासू खूश. मीही सुटली म्हण. मी म्हटलं, "चांगलं हाये ना? थकली ते, झोपू दे तिले." यमुनानं जांभई दिली. पाणी मागितलं. जरा वेळानं पुन्हा मागितलं. कूस बदलली, पुन्हा बदलली. पांघरूण फेकलं.

तू मनगट धरलं होतं. मी पाहून राह्यली होती, तू एक मिनिट पुरा मोजला, आणि सोडलं नाई, पुन्हा एक मिनिट मोजला. तुझं तोंड बदललं नाई, पण खालचा ओठ तू दातात घेतला.

"मावशी, वार पुरी?"

"पुरी. मी पाह्यली."

"दोनच?"

तू माझ्याकडे पाह्यलं. मी खाली पाह्यलं. "दोनच," मी म्हटलं.

तू तिच्या पोटावर हात ठेवला. बेंबीजवळ गर्भाशय कच्च्या बेलासारखं टणक लागायले पाहिजे, हे तूच मले शिकवलं होतं. तू माझा हात ओढून तिथी ठेवला. भिजलेल्या कणकेसारखं होतं. आणि बेंबीच्या वर, उजवीकडे सरकलेलं.

"लघवी झाली काय हिले, बाळ झाल्यावर?"

कोणालेच माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तू नळी घालून लघवी काढली, अर्धी बादली म्हणावी इतकी. "भरलेली लघवीची पिशवी खालून ढकलून राह्यली, मग हे आवळंन कसं?" असं म्हणत तू पोट चोळायले लागली. पहिल्याच दाबात रक्ताच्या गाठी पडल्या. एक, मग दुसरी, मुठीएवढ्या. सासू भिंतीले टेकली. तू मांडीत इंजेक्शन दिलं, पोरगी आईच्या छातीले लावली, पायाखाली गोधडीची गुंडाळी दिली, सलाईन लावली आणि इतकंच म्हणाली, "गाडी कुठी आहे विचार. नाई तर कोणाचीही गाडी पाहा. हिले न्यायचं आहे."

तेव्हा भांडण झालं. सासू म्हणाली, "तुमच्या मशीननंच सांगितलं ना सिस्टरबाई, चांगलं हाये म्हणून? रक्तही कमी झालं आता. पाच दिवस बाळंतिणीनं उंबरठा ओलांडायचा नाई आमच्यात." आणि मी, शोभा, मी सासूच्या बाजूनं बोलली. मी म्हटलं, "गोळा आवळला आता, हात लावून पाहा. कशाले त्या खड्ड्यायच्या रस्त्यानं हलवते तिले?" मले भीती होती की तिथी दवाखान्यात कोणी विचारलं, किती रक्त गेलं, तर?

तू सगळ्यायसमोर माझ्यावर चिडली. पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा.

"मशीन सगळ्यात शेवटी सांगते, मावशी. तरणी बाई हाये, तिचं शरीर दाब धरून ठेवते, ठेवते आणि मग एकदम सोडते. नाडी एकशे बावीस हाये हिची. दोन कापडात नाडी इतकी पळत नाई."

तू असं म्हणाली आणि लगेच मान फिरवली. माझं खोटं तुले कळलं, हे मले समजलं. सासूले काहीच समजलं नाई.

शेवटी सासूनं ऐकलं आणि गावातली एक जीप मिळाली. जीपमध्ये तू यमुनाच्या बाजूले गुडघ्यावर बसली, पूर्ण रस्ता एक हात तिच्या पोटावर. मी सलाईनची बाटली धरून. जंगल संपत नव्हतं. अर्ध्या रस्त्यात यमुना बोलायची थांबली. पोरीचं नाक, पोरीचे केस, जे काही बोलत होती ते सगळं थांबलं. ओठ कागदासारखे. तू पुन्हा पट्टा बांधला आणि मले आकडा दाखवला. ऐंशीच्या खाली होता. घरी असतो तर तेव्हा आम्ही चहा पीत असतो आणि म्हणत असतो, झोपली बिचारी.

"यमुना, डोळे उघड. नाव काय ठेवायचं पोरीचं?" तू विचारत राह्यली. ती उत्तर देत नव्हती. तू तिच्या गालावर चापट मारली. "नाव सांग म्हणते ना." मग मले म्हणाली, "मावशी, तू बोल तिच्याशी." माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? मी म्हटलं, "यमुना, माफ कर." तू ऐकलं. तुझा हात पोटावरून हलला नाई.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाईनं विचारलं, "किती रक्त गेलं?" मी तोंड उघडायच्या आधी तू म्हणाली, "सांगता येत नाई मॅडम. पण भरपूर. घरी सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त धरा." तिथून तिले पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं, दोन पिशव्या रक्त चढलं. यमुना वाचली. ती पोरगी आता सायकल चालवते, आणि नाक तिचं यमुनाच्या सासरच्यायवरच गेलं.

तू मले कधीच विचारलं नाई. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक पांढरा टब घेऊन आली, तोही मोठा, माणूस बसंन इतका. "आजपासून बाळंतपणाची सगळी कापडं याच्यात. मी येईस्तोवर कोणी धुवायची नाई, पुरायची नाई."

मी फणकारली. "माझ्यावर भरवसा नाई म्हण की."

"भरवसा हाये म्हणून तर टब तुझ्याजवळ देऊन राह्यली."

मी अकरा दिवस तुझ्याशी बोलली नाई. विचार कर शोभा, चूक माझी, रुसवाही माझा. तू रोज माझ्या बाजूले चहाचा कप ठेवायची आणि निघून जायची. बाराव्या दिवशी मी कप उचलला आणि आपण पुन्हा बोलायले लागलो, पण मधात ती पाच कापडं पुरलेलीच राह्यली. किती वेळा ओठावर आलं. तू संगं जेवायले बसायची, मी म्हणायची, शोभा एक सांगू? तू म्हणायची, सांग. मी म्हणायची, भाजीत मीठ जास्त झालं.

आता तुझं.

त्या मंगळवारी दुपारी मी उपकेंद्रात आली होती. मी काम सोडून किती दिवस झाले, तरी तुझ्याशिवाय दिवस जात नव्हता. तू पायऱ्या चढत होती आणि चौथ्या पायरीवर थांबली. हातात लसीचा डबा. मी म्हटलं, काय झालं? तू म्हटलं, दाढ दुखून राह्यली. हनुवटीखाली हात धरला होता. कपाळावर घाम.

मी विचारलं, "दाढ दुखते तर घाम काऊन आला?"

"ऊन हाये, मावशी."

"पोटात कसं वाटते?"

"जळजळ होते जराशी. सकाळी वडा खाल्ला ना."

"कधीपासून?"

"आत्ताच. तू काऊन माझी डॉक्टरीण होऊन राह्यली?"

आपण दोघी हसलो. तूच मले शिकवलं होतं की बायायचा झटका छातीत दुखूनच येईल असं नाई, जबड्यात येते, पाठीत येते, अपचनासारखा येते, नुसता थकवा होऊन येते. मी सगळे प्रश्न विचारले, शोभा. एकही नाई सोडला. उत्तरं ऐकली, मानली आणि घरी आली. तुझं मनगट धरलं नाई. एक मिनिट लागला असता. तुझा हात तिथीच होता, माझ्यापासून वीतभर, डब्यावर.

बुधवारी सकाळी तू धानोऱ्याच्या रस्त्यातच गेली. तुझी पोरगी प्रज्ञा तुले दवाखान्यात नेत होती. ती परवा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, आईले चार दिवसांपासून होत होतं. मले म्हणे मावशीले सांगू नको, ते उगाच गाडी बोलावंन."

उगाच. यमुनाच्या पाझराले तू उगाच म्हटलं नाई, त्या म्हाताऱ्याच्या बडबडीले नाई म्हटलं. स्वतःच्या छातीले म्हटलं. तुझ्या खोट्याचा राग येते मले, आणि मग आठवते की मी जेव्हा दोन म्हटलं तेव्हा तू माझ्यावर रागवत बसली नाई. तू बाईचा हात हातात घेतला. खोटं बोलणारं माणूस भिलेलं असते, हे तुले समजत होतं. मी तुझी भीती नाई ओळखली. इतकाच फरक होता तुझ्यात आणि माझ्यात, आणि त्या फरकात तू गेली.

नवीन सिस्टर आली आहे, तरणी आहे, राजुऱ्याकडची. काल तिनं एका बाईची नाडी दहा सेकंद धरली आणि सहानं गुणली. मी बाजूले बसली होती. मी म्हटलं, "पुरा मिनिट धर, बाई." तिनं माझ्याकडे असं पाह्यलं की ही म्हातारी कोण. मग धरला तिनं. मोजता मोजता तिचं लक्ष बाईच्या नखायकडे गेलं, पांढरी होती. तिनं स्वतःहून विचारलं, पाळीत रक्त किती दिवस जाते? मी उठून बाहेर आली. रडू आलं होतं, पण ते चांगलं रडू होतं.

तर झालं सांगून. सात होती, शोभा. दोन नाई, सात. तुले माहीत होतं, हे मले माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐकायचा तुझा हक्क होता आणि मी तो इतकी वर्ष अडवून ठेवला. आता तूही तुझं सांग. चार दिवस कसं कसं होत होतं, कुठी दुखत होतं, भीती वाटली काय. घाई नाई. मी दुपारी घरीच असते, दार उघडंच राह्यते. या आठवड्यातच ये पण, लांबवू नको. आली की काही बोलू नको, उंबरठ्यातच हात पुढं कर. पहिले मी नाडी पाहीन, मग तुझं ऐकीन.